घर आणि कायदा : पायाची माती आणि अंगणातील भराव

घर पाहावे बांधून, अशी म्हण आपल्याकडे आहे. घर बांधताना माणसाला किती गोष्टी नव्याने कळतात, हे त्या म्हणीत सांगितले आहे. विटा, सिमेंट, लोखंड आणि लाकूड यांचा हिशेब प्रत्येक कुटुंब दहा वेळा करते. परंतु घराचा आरंभ यांपैकी कशानेच होत नाही. तो होतो मातीने. पाया खणला की माती निघते. जागा सखल असली की माती आणावी लागते. चढावर असली की एका बाजूची माती कापून दुसऱ्या बाजूस घालावी लागते. आणि या मातीविषयी मात्र आपण फारसा विचार करीत नाही. "जमीन आमची, खरेदीखत आमच्या नावावर, मग माती इकडची तिकडे केली तर कोणाला विचारावयाचे?" असा आपला सरळ समज असतो.

हा समज अगदी खोटा नाही, पण पुरता खराही नाही. आपल्या जमिनीतील मातीशी आणखी तिघांचा संबंध येतो : शासनाचा, शेजाऱ्याचा आणि पावसाच्या पाण्याचा. म्हणून पहिली कुदळ मारण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने स्वतःस तीन प्रश्न विचारावेत. ही माती जाणार कोठे, किंवा येणार कोठून? तिच्यामुळे शेजारच्या जमिनीचा आधार तर सुटणार नाही ना? आणि पाऊस पडल्यावर पाणी कोणत्या वाटेने जाईल? या तीन प्रश्नांचाच आज क्रमाने विचार करू.

पहिला प्रश्न शासनाचा. साधी माती हे खनिज आहे असे कोणी सांगितले तर आपणांस हसू येईल. कोळसा खनिज, लोखंड खनिज. पण परसातली माती? कायद्याच्या दृष्टीने मात्र तिला काही प्रसंगी ते नाव मिळते. १९५७ च्या खाणी व खनिजे (विकास व नियमन) अधिनियमात 'गौण खनिज' असा एक वर्ग आहे. बांधकामाचा दगड, मुरूम आणि साधी वाळू यांचा त्यात समावेश होतो. ३ फेब्रुवारी २००० रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून बांध, रस्ते, लोहमार्ग व इमारती यांच्या बांधकामात भराव घालण्यासाठी अथवा सपाटीकरणासाठी वापरली जाणारी साधी मातीही या वर्गात घातली. गौण खनिजांचे नियम करण्याचा अधिकार त्याच अधिनियमाच्या कलम १५ अन्वये राज्यांना आहे. म्हणूनच महाराष्ट्रातील वाचकाला २०१३ चे गौण खनिज नियम लागू होतात, बडोद्याच्या वाचकाला गुजरातचे २०१७ चे, इंदूरच्या वाचकाला मध्य प्रदेशचे १९९६ चे, तर बेळगावच्या वाचकाला कर्नाटकाचे १९९४ चे. एका राज्यातील नातेवाइकाने सांगितलेला नियम दुसऱ्या राज्यात जसाच्या तसा धरून चालणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

आता महाराष्ट्राचे उदाहरण थोडे तपशिलाने पाहू. पुष्कळ वर्षे असा वाद चालू होता की, इमारतीच्या पायासाठी खणलेल्या मातीवरही शासनाने स्वामित्वधन घ्यावे काय? महसूल अधिकारी ते मागत आणि बांधणारे नाकारीत. पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेने नेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३ डिसेंबर २०१४ रोजी निर्णय दिला. त्याचा सारांश असा की, माती खणली एवढ्यानेच ती गौण खनिज होत नाही. ती कशासाठी खणली आणि तिचा उपयोग काय झाला, हे पाहिले पाहिजे. पुढे २०१५ साली राज्याच्या नियमांतही स्पष्ट तरतूद आली. भूखंडाचा विकास करताना निघालेली माती त्याच भूखंडावर सपाटीकरणासाठी किंवा विकासाच्या अन्य कामासाठी वापरली, तर तिच्यावर स्वामित्वधन लागत नाही.

या तरतुदीतील 'त्याच भूखंडावर' हे शब्द वाचकांनी नीट ध्यानात ठेवावेत. पायातून निघालेली माती आपण जोत्यात भरली किंवा आपल्याच परसात पसरली, तर प्रश्न मिटला. परंतु तीच माती ट्रकात भरून कुंपणाबाहेर गेली, कोणाला विकली, किंवा रस्त्यापलीकडे आपल्याच भावाच्या जागेत टाकली, तर ती 'त्याच भूखंडावर' राहत नाही. अशा वेळी आधी परवानगी, स्वामित्वधनाचा भरणा आणि वाहतुकीचा परवाना यांची चौकशी तहसील कार्यालयात करावी लागते. बाहेरून भराव आणणाऱ्यालाही हेच लागू आहे. माती विकणारा "कागदपत्रांची काळजी नको" असे म्हणाला, तर तेथेच खरी काळजी करावी.

परवानगीवाचून माती उचलल्यास काय होते, हे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम ४८ सांगते. अशा खनिजाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो, आणि वापरलेली वाहने व यंत्रे जप्त करता येतात. शेताच्या बांधाची दुरुस्ती करीत होतो, ही सबब पुढे करूनही सुटका होत नाही. कायद्याने त्या सबबीचा नावानिशी उल्लेख करून ठेवला आहे. चार पैसे वाचवावयास गेलेल्या कुटुंबावर पाचपट दंडाची नोटीस आली, म्हणजे मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली पुंजी मातीत गेली असेच म्हणावे लागते.

मातीचे मोजमाप समजले की पुढचे व्यवहार सोपे होतात. बाजारात आणि सरकारी कागदांत माती 'ब्रास' या मापाने मोजतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. समजा, आपला भूखंड ६० फूट लांब आणि ५० फूट रुंद आहे, व तो रस्त्याच्या पातळीपेक्षा २ फूट खाली आहे. ६० गुणिले ५० गुणिले २ म्हणजे ६,००० घनफूट, म्हणजेच ६० ब्रास. पण ट्रकातून येणारी माती सैल असते. पाणी मारून व ठोकून ती दबते. म्हणून हिशेबात चौथा हिस्सा वाढवून ७५ ब्रास धरणे शहाणपणाचे. तीन ब्रास वाहून नेणारी गाडी असेल, तर २५ खेपा होतील. हा हिशेब गृहिणीनेही वहीत मांडून ठेवावा आणि प्रत्येक खेपेची पावती त्याच वहीत चिकटवावी. खेपा मोजल्या, तर ठेकेदाराचे बिल तपासता येते. आणि पावत्या जपल्या, तर महसूल अधिकाऱ्यासमोर उत्तर देता येते.

दुसरा प्रश्न शेजाऱ्याचा. जमीन ही एकमेकींना टेकून उभी असते, ही गोष्ट आपण सपाट अंगणात उभे राहून विसरतो. आपण हद्दीलगत खोल खड्डा घेतला की शेजारच्या जमिनीचा कडेचा आधार जातो. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ याच्या कलम ७ मध्ये हा नियम उदाहरणासह दिलेला आहे. प्रत्येक जमीनमालकाला, त्याची जमीन नैसर्गिक स्थितीत असेपर्यंत, लगतच्या व खालच्या मातीचा नैसर्गिक आधार मिळण्याचा हक्क आहे. नैसर्गिक स्थितीतील जमीन म्हणजे जी खणलेली नाही आणि जिच्यावर कृत्रिम भार नाही, अशी. शेजारी घर असेल, तर त्या घराच्या वजनाचा आधार हा आपोआप मिळणारा हक्क नव्हे. परंतु असा आधार सुविधाधिकार म्हणून शांतपणे व अखंड २० वर्षे मिळत आला असेल, तर त्याच अधिनियमाच्या कलम १५ प्रमाणे तोही पक्का होतो. जुन्या वस्तीत नवे घर बांधणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

कायद्याच्या या शब्दांमागे माणसांचे जीव आहेत. २९ जून २०१९ रोजी पुण्याच्या कोंढवा भागात मुसळधार पावसात एका गृहसंकुलाची संरक्षक भिंत कोसळली. शेजारी बांधकाम चालू होते आणि भिंतीच्या पायथ्याशी मजुरांच्या पत्र्याच्या झोपड्या होत्या. त्या रात्री झोपेत १५ जण दगावले. त्यांत लहान मुलेही होती. दूर देशाहून पोटासाठी आलेली ही कुटुंबे ज्या भिंतीच्या आडोशाला निर्धास्त निजली होती, तीच त्यांच्यावर आली. भिंत विटांची असो वा दगडांची, तिचे बळ तिच्या पायाखालच्या मातीत असते. ती माती भिजून सैल झाली, किंवा पुढून खणली गेली, की वरची भिंत केवळ वेळेची वाट पाहत उभी असते.

म्हणून काही साध्या गोष्टी कसोशीने पाळाव्यात. हद्दीलगत खोल खणावयाचे असेल, तर शेजाऱ्याला आधी सांगावे आणि स्थापत्य अभियंत्याचा लेखी सल्ला घ्यावा. भारतीय मानकांनुसार दीड मीटरहून खोल चराच्या बाजूंना फळ्या व टेकू देऊन आधार देणे आवश्यक असते. खणलेल्या मातीचा ढीग चराच्या काठावर रचू नये. त्या ढिगाच्या भारानेच काठ आत ढासळतो. पावसाळ्याच्या तोंडावर खोल खणती उघडी ठेवू नये. आणि मजुरांची निवाऱ्याची जागा खड्ड्याच्या काठाशी किंवा उंच भिंतीच्या पायथ्याशी कधीही देऊ नये, मग ती एका रात्रीपुरती का असेना. घरमालकाने ठेकेदाराला एवढी अट घातली, तर तिला खर्च जवळजवळ नाही, पण तिचे मोल फार मोठे आहे.

तिसरा प्रश्न पाण्याचा, आणि शेजाऱ्याशेजाऱ्यांतील बहुतेक भांडणे येथेच उगवतात. आपण आपला भूखंड दोन फुटांनी उंच केला की आपले अंगण कोरडे होते, हे खरे. पण तेथे थांबणारे, किंवा तेथून पुढे जाणारे पाणी नाहीसे होत नाही. ते शेजाऱ्याच्या उंबऱ्याशी जाते. मग शेजारी पुढच्या वर्षी तीन फूट भराव घालतो, त्याच्या पलीकडचा चार फूट. अशी ही चढाओढ चालली की शेवटी आळीतील सर्वांत गरीब माणसाच्या घरात गुडघाभर पाणी भरते, कारण भराव घालावयास त्याच्यापाशी पैसे नसतात.

१८८२ च्या त्याच अधिनियमातील कलम ७ च्या दुसऱ्या एका उदाहरणात म्हटले आहे की, वरच्या जमिनीवर नैसर्गिकपणे उगम पावणारे किंवा पडणारे पाणी लगतच्या खालच्या जमिनीवर नैसर्गिकपणे वाहू देण्यात यावे, असा वरच्या जमीनमालकाचा हक्क आहे. खालच्या मालकाने भराव घालून ते अडविले, तर तो हक्क मोडतो. शेतजमिनीच्या बाबतीत महाराष्ट्रात आणखी एक सोपा मार्ग आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ याच्या कलम ५ अन्वये, शेताचे वा पिकाचे नुकसान होईल अशा रीतीने कोणी पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडविला असेल, तर तो अडथळा दूर करण्याचा आदेश तहसीलदार देऊ शकतो. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून ६ महिन्यांच्या आत दावा दाखल करावा लागतो. "बघू, पुढच्या पावसाळ्यात काय होते ते," असे म्हणत बसलेल्या शेतकऱ्याची ही मुदत पाहता पाहता निघून जाते.

घराघराचा हा भराव शहराच्या पातळीवर गेला म्हणजे काय होते, हे २६ जुलै २००५ रोजी मुंबईने पाहिले. त्या दिवशी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पाऊस अभूतपूर्व होता, हे कोणीही मान्य करील. परंतु मिठी नदीचे पात्र व खाडीकाठच्या सखल जागा भराव आणि अतिक्रमणे यांनी आधीच आखडल्या होत्या, त्यामुळे त्या पाण्याला पसरावयास आणि समुद्राकडे जावयास वाट राहिली नव्हती. सखल जागा ही रिकामी जागा नसते. ती पावसाची ठेव ठेवण्याची जागा असते.

हे ओळखूनच अनेक राज्यांनी सखल जमिनी आणि डोंगरउतार यांना कायद्याचे संरक्षण दिले आहे. गोव्याच्या १९७४ च्या नगर व ग्रामनियोजन अधिनियमात कलम १७-अ आहे. त्याप्रमाणे मुख्य नगररचनाकाराच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय डोंगराळ जमीन कापता येत नाही आणि सखल जमीन भरताही येत नाही. केरळने २००८ साली भातजमिनी व पाणथळ जागांच्या संरक्षणाचा कायदा केला. ज्याला स्वतःच्या राहत्या घरासाठी दुसरी जागाच नाही, अशा भातजमिनीच्या मालकाचा अर्ज तेथे विचारात घेतला जातो. पण तोही ग्रामपंचायतीच्या हद्दीत १० सेंट आणि नगरपालिकेच्या हद्दीत ५ सेंट एवढ्याच मर्यादेत. महाराष्ट्रात २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीने १:५ आणि त्याहून तीव्र उतारावर विकासास प्रतिबंध केला आहे. १:५ म्हणजे आडव्या पाच फुटांत एक फूट चढ. सुटीच्या दिवशी डोंगरावरचा स्वस्त भूखंड पाहावयास जाणाऱ्या कुटुंबाने एक दोरी आणि एक ओळंबा बरोबर नेला, तरी हा चढ त्यांना जागेवरच ढोबळ मानाने मोजता येईल. शिवाय महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मधील 'विकास' या शब्दाच्या व्याख्येत जमिनीवरील वा जमिनीखालील अभियांत्रिकी कामे तसेच भराव घालून जमीन तयार करणे हेही येते. म्हणजे इमारत उभी राहण्यापूर्वी केलेल्या मोठ्या भरावालाही नियोजन प्राधिकरणाची परवानगी लागू शकते.

आता भरावात घालावे काय, याविषयी थोडेसे. पाडलेल्या घराचा राडारोडा फुकट मिळतो म्हणून पुष्कळ जण तो खड्ड्यात लोटतात. राडारोड्याच्या विल्हेवाटीसाठी केंद्र सरकारने २०१६ साली स्वतंत्र नियम केले आणि २०२५ साली त्यांच्या जागी नवे नियम काढले; तो नाल्यात, तळ्यात किंवा रस्त्याकडेला टाकणे चालत नाही. प्लास्टिक, लाकूड, चिंध्या मिसळलेला भराव पुढे कुजतो व खचतो, आणि त्याबरोबर घराची फरशीही खचते. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसून भेगाळते, म्हणून जोत्यात ती भरू नये. तेथे मुरूम बरा. भराव एकदम न टाकता १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांनी टाकावा, प्रत्येक थरावर पाणी मारावे, ठोकून घट्ट करावा आणि मगच पुढचा थर घालावा. पाया खणताना वरची वीतभर माती वेगळी काढून ठेवावी. ती तयार व्हावयास निसर्गाला शेकडो वर्षे लागलेली असतात; परसातील भाजीला आणि फुलझाडांना तिच्यासारखी दुसरी माती नाही.

माती हलविणे म्हणजे नेहमी नुकसानच, असे मात्र कोणी समजू नये. महाराष्ट्रात २०१७ साली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना सुरू झाली. धरणांत व तलावांत साचलेला गाळ काढून तो शेतकऱ्यांच्या शेतांत पसरावा, अशी ही कल्पना. तलावाची साठवण वाढते आणि हलक्या जमिनीला कस येतो. योग्य जागेची माती योग्य जागी गेली, तर दोन्ही जागांचे कल्याण होते. नियम आहेत ते हे व्हावे म्हणून. कोणाचे घर अडावे म्हणून नव्हे.

मग कुटुंबाने नेमके करावयाचे काय? प्रथम आपल्या भूखंडाचा मोजणी नकाशा काढून हद्दी निश्चित कराव्यात. दुसरे, गावातील महसूल अधिकाऱ्याकडे, ज्याला आपण तलाठी म्हणतो, तसेच ग्रामपंचायतीकडे अथवा नगरपालिकेच्या बांधकाम विभागाकडे लेखी विचारणा करावी. जागा डोंगरउतार, पूररेषा, नाला, पाणथळ किंवा सागरकिनारा यांच्या नियमांत येते काय, हे तेथे कळते. तिसरे, माती किती ब्रास निघेल आणि किती लागेल, याचा अंदाज अभियंत्याकडून कागदावर घ्यावा. चौथे, बाहेर जाणाऱ्या अथवा बाहेरून येणाऱ्या मातीसाठी परवानगी व स्वामित्वधनाचे चलन आधी घ्यावे, आणि गाडीबरोबर वाहतूक परवाना असल्याशिवाय खेप स्वीकारू नये. पाचवे, खणती सुरू होण्यापूर्वी हद्दीची, शेजारच्या भिंतीची आणि पाण्याच्या वाटेची छायाचित्रे काढून ठेवावीत. वाद उद्भवलाच, तर पुरावा म्हणून ती उपयोगी पडतात. आणि सहावे, हे सर्व उन्हाळ्यात उरकावे. मृगाची चाहूल लागण्यापूर्वी खड्डे भरलेले आणि चर मोकळे असावेत.

या सहा गोष्टींना फार तर काही दिवस आणि थोडे हेलपाटे लागतील. परंतु त्यापूर्वी करण्यासारखी एक गोष्ट अशी आहे की, जिला अर्जही लागत नाही आणि शुल्कही नाही. ती म्हणजे शेजाऱ्याकडे जाऊन, नकाशा पुढे ठेवून, आपण कोठे खणणार, किती उंच भरणार आणि पावसाचे पाणी कोठून काढणार, हे त्याला सांगणे. त्याच्याही मनात काही असेल तर ते तेव्हाच कळते. दोन घरांच्या मधून एक सामाईक गटार काढता येते आणि खर्चही निम्मा वाटून घेता येतो. ज्या आळीत असे आधी बोलणे होते, तेथे तहसीलदारापर्यंत जाण्याची वेळ सहसा येत नाही.